पाच बोल्टांचे कुलूप आणि खाली आलेले दार

मागील वर्षी एका संध्याकाळी मी बाहेरून परत आले, किल्ली कुलपात घातली आणि ती अर्धा फेरा फिरून अडकली. हँडल दाबले तर ते कसलाही विरोध न करता खाली गेले आणि वर आलेच नाही. दार मात्र तसूभरही हलले नाही. आई आत होती. तिने आतून प्रयत्न केला, तेव्हा तिच्या बाजूचे हँडलही तसेच लुळे पडल्याचे कळले. बाहेरच्या माणसाला थोपवण्यासाठी चौकटीत शिरलेले तीन हूक आणि दोन बोल्ट आता घरातल्या माणसाला कोंडून बसले होते, आणि कुलूप दुरुस्त करणारे गृहस्थ येऊन ते दार उघडेपर्यंत जवळपास दोन तास गेले.

आईला काही झाले नाही. ती शांतपणे खुर्ची ओढून दारापाशी बसली आणि दाराआडून माझ्याशी बोलत राहिली. पण त्या वेळात आत आग लागली असती किंवा तिला भोवळ आली असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

दार उघडल्यावर त्या गृहस्थांनी कुलपाकडे पाहिलेच नाही. त्यांनी आधी दाराच्या वरच्या कडेकडे पाहिले. दार आणि चौकट यांच्यामधली वरची फट बिजागरीच्या बाजूला अरुंद होती आणि हँडलच्या बाजूला रुंद होत गेली होती. "हे दार खाली आले आहे. कधीपासून जोर लावून बंद करता?" त्यांनी विचारले. आईने उत्तर दिले, "आठ महिने तरी झाले." आणि ते खरे होते. हँडल जड झाल्याचे तिने मला अनेकदा सांगितले होते, आणि भक्कम कुलूप थोडे जडच असते, दोन्ही हातांनी उचलत जा, असे मी तिला प्रत्येक वेळी सांगितले होते. माझे ते उत्तर चुकीचे होते. ते का चुकीचे होते, हे समजून घेताना या मल्टिपॉइंट, म्हणजे दाराला अनेक ठिकाणी धरणाऱ्या, कुलपांविषयी जे शिकले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

साध्या कुलपात दार चौकटीला एकाच ठिकाणी, साधारणपणे कमरेच्या उंचीवर, धरलेले असते. मल्टिपॉइंट लॉकमध्ये दाराच्या कडेला जवळपास दाराच्याच उंचीची एक लांब धातूची पट्टी बसवलेली असते आणि तिच्यामागे लपलेल्या सपाट सळ्या वर-खाली सरकून तीन, पाच किंवा त्याहून अधिक ठिकाणचे बोल्ट एकाच हालचालीत बाहेर काढतात. या सगळ्याचा मेंदू म्हणजे हँडलच्या मागे असलेला गिअरबॉक्स. हँडलचा चौकोनी दांडा त्यातून आरपार जातो. हँडल वर उचलले की दांडा फिरतो, गिअरबॉक्स त्या फिरण्याचे सरळ रेषेतल्या सरकण्यात रूपांतर करतो, आणि सळ्यांना जोडलेले हूक, बोल्ट व रोलर चौकटीवरच्या आपापल्या खाचांत जाऊन बसतात. नंतर किल्ली फिरवली की ही सारी यंत्रणा त्या स्थितीत जखडली जाते. काही प्रकारांत हँडल उचलावे लागत नाही, किल्लीच दोन फेरे फिरवून सगळे बोल्ट बाहेर काढते. तर स्वयंचलित प्रकारांत दार बंद होताच एखादा चाप किंवा चुंबक खटका सोडतो आणि हूक आपोआप बाहेर पडतात.

चौकटीत जाणारे हे सगळे भाग एकसारखे काम करत नाहीत, आणि खरेदी करताना हीच गोष्ट बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. रोलर म्हणजे एक छोटे चाक. ते दाराला आत ओढून रबरी पट्टीवर दाबून धरते, त्यामुळे वारा, धूळ आणि आवाज अडतो, पण पहारीचा जोर आला तर रोलर फारसा तग धरत नाही. सरळ बोल्ट दाराला पुढे-मागे हलू देत नाही, परंतु चौकट बाजूला वाकवून फट रुंद केली तर तो खाचेतून निसटू शकतो. हूक मात्र आकड्यासारखा वाकडा असल्यामुळे खाचेच्या पत्र्यामागे जाऊन अडकतो आणि दार व चौकट एकमेकांपासून दूर ओढू पाहणाऱ्या जोराला थेट विरोध करतो. एक हूक वरच्या दिशेला आणि दुसरा खालच्या दिशेला वळणारा असेल, तर दार उचलून काढण्याचा मार्गही बंद होतो. म्हणून 'पाच ठिकाणी धरणारे कुलूप' असे ऐकले की त्या पाचांपैकी हूक किती, बोल्ट किती आणि रोलर किती, हे विचारावे. दोन हूक, एक बोल्ट आणि दोन रोलर असलेले कुलूप पाच ठिकाणी धरते हे खरे, पण त्यातल्या दोन ठिकाणी ते हवेला अडवत असते, चोराला नव्हे.

एका किल्लीने अनेक बोल्ट हलवण्याची कल्पना नवी नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत न्यूरेंबर्ग आणि आउग्सबुर्ग येथे बनणाऱ्या लोखंडी तिजोरीपेट्यांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तरफा आणि स्प्रिंगांची मोठी गुंतागुंत असे, आणि झाकणाच्या मधोमध एक किल्ली फिरवली की आठ, दहा, बारा बोल्ट चारही कडांखाली एकदम शिरत. त्या पेट्यांच्या पुढच्या बाजूला पुष्कळदा किल्लीचे एक खोटे छिद्र दाखवण्यापुरते ठेवलेले असे. ज्या कारागिरांनी हे घडवले त्यांना एक गोष्ट नीट उमगली होती : झाकणाचा एकच कोपरा सुटा राहिला तर बाकीचे तीन धरून काही उपयोग नाही.

पुढे मात्र कुलपांच्या इतिहासाचे लक्ष बरेच दिवस किल्लीच्या छिद्रावरच खिळून राहिले. रॉबर्ट बॅरन यांचे १७७८ मधील कुलूप, जोसेफ ब्रामा यांचे १७८४ मधील कुलूप, लायनस येल धाकटे यांनी १८६१ मध्ये पेटंट घेतलेले, किल्लीने आतल्या छोट्या पिना उचलून उघडणारे पिन-टम्बलर कुलूप, हे सारे प्रयत्न खोट्या किल्लीने किंवा तारेने कुलूप उघडता येऊ नये यासाठी होते. १८५१ मध्ये लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकी कारागिराने ब्रामा यांचे अजिंक्य मानले गेलेले कुलूप उघडून दाखवले, पण त्यासाठी त्यांना सोळा दिवसांत विभागलेले एक्कावन्न तास लागले. ही कथा वाचताना मला नेहमी वाटते की तिच्यातला खरा धडा हॉब्ज यांच्या विजयात नसून त्या एक्कावन्न तासांत आहे. घरात शिरू पाहणारा माणूस दारापाशी एक्कावन्न मिनिटेसुद्धा थांबत नाही. तो छिद्रातल्या कोड्याशी झगडत बसत नाही. तो दाराचा अशक्त कोपरा शोधतो आणि तिथे लोखंड घालतो.

त्या लोखंडाचा हिशेब एकदा करून पाहावा. साठ सेंटिमीटर लांबीची पहार घेतली आणि तिचे टोक फटीत दोन सेंटिमीटर शिरले, तर तरफेच्या साध्या नियमाने हाताचा जोर तीस पटींनी वाढतो. एखाद्याने तीस किलो वजन उचलण्याइतकाच जोर लावला, तरी टोकाशी तो नऊशे किलोंच्या आसपास जातो. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्यक्षात लाकूड चेपते, पहार घसरते. पण त्यावरून एवढे कळते की कमरेच्या उंचीवरच्या एका बोल्टवर आणि त्याच्यासमोर चौकटीत दोन आखूड स्क्रूंनी बसवलेल्या पत्र्यावर हा सगळा भार टाकणे म्हणजे त्या दोन स्क्रूंवर घर सोपवणे आहे. एकाच कुलपाचे बंद दार खालच्या कोपऱ्यात पायाने दाबून पाहिले, तर बहुतेक दारे थोडीशी आत जातात. तीच ती फट. मल्टिपॉइंट लॉकचे वरचे आणि खालचे हूक हे दोन कोपरे धरतात आणि आलेला भार उंचीभर वाटून देतात, हेच त्याचे मोठे सामर्थ्य आहे. मी हे कुलूप निवडले त्यात माझी चूक झाली, असे मला आजही वाटत नाही.

परंतु हे सामर्थ्य कुलपात एकट्यात नसते. हूक ज्या खाचेत बसतो ती खाच कशात कोरलेली आहे, तिचा पत्रा किती जाड आहे, आणि त्याचे स्क्रू फक्त चौकटीच्या वरच्या थरात आहेत की चौकट ओलांडून मागच्या भिंतीपर्यंत किंवा आतल्या पोलादी पट्टीपर्यंत पोहोचतात, यावर सारे अवलंबून असते. खाचांची सुटी सुटी तीन पाने असण्यापेक्षा सगळ्या खाचा एकाच लांब पट्टीवर असलेल्या बऱ्या, कारण एका ठिकाणी आलेला जोर पट्टीच्या सगळ्या स्क्रूंवर पसरतो. दुसरी बाजू विसरली जाते ती बिजागरीची. कुलपाच्या कडेला पाच हूक आणि समोरच्या कडेला गंजलेल्या तीन बिजागऱ्या असतील, तर पहार कुठे लागेल हे सांगायला नको. बाहेर उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्यांची पिन बाहेरून काढता येत असेल, तर त्या बाजूला दार बंद होताच चौकटीत शिरणाऱ्या पक्क्या खुंट्या बसवून घ्याव्यात. त्यांना काही हलवावे लागत नाही, त्या बिघडतही नाहीत.

आता सिलिंडरविषयी, म्हणजे किल्ली ज्यात फिरते त्या भागाविषयी, कारण या कुलपांचा सर्वांत नाजूक भाग तोच आहे. बहुतेक मल्टिपॉइंट कुलपांत नासपतीसारख्या आकाराचे, दाराच्या दोन्ही बाजूंना टोके असलेले युरो प्रोफाइल सिलिंडर वापरतात. त्याच्या मधोमध एक फिरता दात असतो. किल्ली फिरली की तो दात फिरतो आणि गिअरबॉक्सला बंद किंवा उघड करतो. सिलिंडर दारात टिकून राहते ते दाराच्या कडेतून येणाऱ्या एकाच लांब स्क्रूमुळे, आणि त्या स्क्रूचे छिद्र नेमके त्या फिरत्या दाताच्या खालून जाते. म्हणजे ज्या ठिकाणी सिलिंडरचे धातू आधीच दातासाठी कोरून काढलेले असते, तिथेच त्याला आणखी एक भोक पडते. सिलिंडरचे टोक हँडलच्या पत्र्याबाहेर पुरेसे आलेले असेल, तर ते मजबूत पकडीने धरून वाकवता येते आणि ते त्या बारीक जागी मोडते. मग उघड्या पडलेल्या दाताला स्क्रूड्रायव्हरने फिरवले की पाचही बोल्ट मुकाट्याने आपापल्या जागी परततात. पाच ठिकाणी धरणाऱ्या दाराची हालचाल एका इंचभर दातावर अवलंबून आहे, हे मला हे सगळे वाचेपर्यंत ठाऊक नव्हते, आणि मल्टिपॉइंट लॉकवर खर्च करून त्यात साधे सिलिंडर ठेवणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसावे.

यावरचा उपाय ठरलेला आहे. मोडण्याला विरोध करणाऱ्या सिलिंडरच्या बाहेरच्या टोकापाशी मुद्दाम एक अशक्त रेषा कोरलेली असते. जोर आला की पुढचा तुकडा तिथे तुटून पडतो, पण दात आणि त्याला धरून ठेवणारा भाग आत सुरक्षित राहतो, आणि पकडीला धरायला काही उरत नाही. बऱ्याच सिलिंडरांत कठीण पोलादाच्या पिना घालून ड्रिलला, आणि विशेष आकाराच्या पिना घालून ठोकून उघडण्याच्या पद्धतीलाही विरोध केलेला असतो. ब्रिटनच्या टीएस ००७ या मानकात अशा सिलिंडरांना तारे दिले जातात : तीन ताऱ्यांचे सिलिंडर एकट्याने पुरेसे मानले जाते, अथवा एक तारा असलेले सिलिंडर आणि दोन तारे असलेले संरक्षक हँडल मिळून तीन तारे पूर्ण होतात. तारे नसले, तरी एक साधी पाहणी कोणालाही करता येते. सिलिंडरचे बाहेरचे टोक हँडलच्या पत्र्यापासून ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे आलेले नसावे. आमच्या दारात ते जवळपास ८ मिलिमीटर पुढे होते. कुलूप बसवणाऱ्याने हाताशी होते ते लांब सिलिंडर घातले होते, आणि मला ते नीट दिसत असूनही त्याचा अर्थ कळत नव्हता.

संपूर्ण दाराच्या बळकटीची चाचणी घेणारे युरोपीय मानक ईएन १६२७ हे आहे, आणि त्याची विचारसरणी मला पटते, कारण ते कुलपाला वेगळे काढून तपासत नाही. दार, चौकट, काच, बिजागऱ्या आणि कुलूप यांचा एकत्र विचार करते. त्यातील आरसी २ या वर्गाच्या दाराने स्क्रूड्रायव्हर, पाचर, पकड अशा साध्या हत्यारांपुढे ३ मिनिटे टिकले पाहिजे. आरसी ३ मध्ये पहार येते आणि वेळ ५ मिनिटांचा होतो. हे आकडे पहिल्यांदा वाचताना फार लहान वाटतात. पण तीन मिनिटे हत्यारांचा आवाज करत उभे राहणे ही उघड्यावर लहान गोष्ट नाही, आणि घराच्या सुरक्षेचा अर्थ अभेद्यता असा नसून आत येऊ पाहणाऱ्याचा वेळ वाढवणे आणि त्याला आवाज करायला भाग पाडणे असा आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

सवयीचा भाग थोडक्यात सांगते, पण तो महत्त्वाचा आहे. हँडल उचलून हूक बाहेर आले की दार बंद झाले असे पुष्कळांना वाटते. किल्ली फिरवेपर्यंत ते कुलूपबंद झालेले नसते. दोन्ही बाजूंची हँडले एकाच दांड्यावर असतील, तर बाहेरचे हँडल दाबताच सगळे हूक परत येतात. ज्या दारांत दांडा दोन भागांत विभागलेला असतो तिथे बाहेरचे हँडल खटका मागे घेत नाही, म्हणून ती दारे बाहेरून बंद असल्याचा भास होतो. पण किल्लीने जखडलेली नसलेली यंत्रणा पत्रपेटीच्या फटीतून किंवा फुटलेल्या काचेतून आतले हँडल ओढून सहज मोकळी होते. माझी आई रात्री हँडल उचलून झोपायला जात असे. किल्ली ती 'सकाळी शोधावी लागू नये म्हणून' फिरवत नसे, आणि तिचे कारण चुकीचे नव्हते.

कारण बाहेर पडण्याचा प्रश्न आत येणाऱ्याला रोखण्याइतकाच मोठा आहे. दोन्ही बाजूंना किल्ली लागणारे सिलिंडर असेल, रात्री दार जखडून किल्ली दुसऱ्या खोलीत ठेवली असेल आणि घरात धूर भरला, तर ते पाच बोल्ट कोणाच्या बाजूने उभे आहेत? किल्ली आतून सिलिंडरमध्येच ठेवावी तर साध्या सिलिंडरमध्ये बाहेरची किल्ली फिरत नाही, म्हणजे आतला माणूस पडला तर मदतीला आलेला माणूस बाहेरच अडकतो. आमच्या घरी आता आतल्या बाजूला किल्लीऐवजी बोटांनी फिरवायची मूठ असलेले सिलिंडर आहे. बाहेरून किल्ली, आतून मूठ. आईला अंधारातही दार उघडता येते, आणि माझी किल्ली बाहेरून नेहमी चालते. ज्या दारात किंवा त्याच्या अगदी शेजारी काच आहे तिथे मात्र ही मूठ हात घालून फिरवता येईल का, याचा विचार आधी करावा लागतो. अशा ठिकाणी न फुटता चिकटून राहणारी लॅमिनेटेड काच, किंवा आत किल्ली असतानाही बाहेरच्या किल्लीने फिरणारे सिलिंडर आणि किल्ली ठेवण्याची सर्वांना ठाऊक असलेली एक पक्की जागा, हा मार्ग अधिक बरा. मोटरवर चालणारी आणि फोनवरून उघडणारी मल्टिपॉइंट कुलपेही आता मिळतात. त्यांच्याविषयी माझे म्हणणे एवढेच की वीज आणि बॅटरी दोन्ही नसताना आतून हाताने उघडता येते की नाही, हे विकत घेण्याआधी स्वतः करून पाहावे.

आता त्या आठ महिन्यांकडे येते. आमच्या कुलपात गिअरबॉक्स मोडला होता. उघडल्यावर त्याच्या आतला, बोटाच्या नखाएवढा एक धातूचा भाग तुटलेला दिसला. त्या गृहस्थांनी तो माझ्या हातावर ठेवला आणि सांगितले की यात दोष कुलपाचा नाही, रोजच्या जोराचा आहे. दार खाली आले की हूक खाचेच्या मधोमध जाण्याऐवजी तिच्या कडेवर घासत जातो. हँडल उचलणारा हात तेव्हा फक्त कुलूप चालवत नसतो, तो प्रत्येक वेळी सगळे दार वर उचलत असतो, आणि चाळीस-पन्नास किलोंच्या दाराचे ते काम त्या नखाएवढ्या भागाला करावे लागते. तो रोज थोडा वाकतो. एके दिवशी तुटतो, आणि बहुतेकदा दार बंद असतानाच तुटतो, कारण जोर तेव्हाच लागलेला असतो. म्हणजे आईला 'दोन्ही हातांनी उचल' असे सांगताना मी त्या तुटण्याचा दिवस जवळ आणत होते.

दार जागेवरून का हलते, याची कारणे साधी आहेत. बिजागऱ्यांचे स्क्रू सैल होतात. नव्या घराची भिंत थोडी बसते. पीव्हीसीच्या दारात आतली काच किंवा तावदान नीट आधार देऊन बसवलेले नसेल, तर त्याच्या वजनाने चौकोनाचा तिरपा चौकोन होतो. यासाठी कुशल कारागीर तावदानाच्या तिरक्या कोपऱ्यांत प्लास्टिकच्या पट्ट्या घालून वजन बिजागरीकडे वळवतात. आणि उष्णता. मोकळे पीव्हीसी एका अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ०.०७ मिलिमीटर प्रसरण पावते, म्हणजे दोन मीटर उंचीच्या पट्टीत तीस अंशांच्या फरकाने चार मिलिमीटरांच्या आसपास फरक पडू शकतो. आत पोलाद असल्याने प्रत्यक्ष दारात तो कमी होतो, तरी ऊन लागणारे गडद रंगाचे दार दुपारी बाहेरच्या बाजूने फुगून किंचित धनुष्याकार होते आणि वरचा-खालचा हूक खाचेपासून सरकतो. ॲल्युमिनियम याच्या साधारण एक तृतीयांश प्रसरण पावते. लाकडाचे उलट आहे : ते उष्णतेपेक्षा दमट हवेने हलते, आणि तेही उंचीत जवळपास नाही, रुंदीत. म्हणून लाकडी दारात मल्टिपॉइंट लॉक बसवायचे असेल तर दार पुरेसे जाड हवे, कारण कडेत वरपासून खालपर्यंत लांब चर कोरावी लागते, आणि ४४ मिलिमीटरपेक्षा पातळ दारात अशी चर कोरणे म्हणजे कुलूप बसवण्यासाठी दार दुबळे करणे आहे, असे माझे मत झाले आहे. कोरलेल्या चरीच्या उघड्या लाकडाला रंग किंवा तेल देऊन घ्यावे. ती जागा दिसत नाही म्हणून कोरडी सोडली जाते आणि ओल तिथूनच शिरते.

दोष दाराचा आहे की कुलपाचा, हे ओळखण्याची जी रीत त्या गृहस्थांनी दाखवली, ती इतकी सोपी आहे की मला ती आठ महिने आधी कळायला हवी होती. दार उघडे ठेवून हँडल उचलावे. उघड्या दारात हूक हलकेच बाहेर येत असतील आणि बंद दारात हँडल जड होत असेल, तर कुलूप ठीक आहे, दार किंवा चौकट जागेवरून हलली आहे; बिजागरीवरच्या समायोजनाच्या स्क्रूला ॲलन कीने थोडे फिरवून किंवा खाचेची पट्टी सरकवून ते दुरुस्त होते. उघड्या दारातही हँडल अडत असेल, मध्येच खरखरत असेल किंवा सोडल्यावर आडवे न राहता खाली लोंबत असेल, तर गिअरबॉक्स किंवा हँडलची स्प्रिंग थकली आहे, आणि दार बंद करण्याआधीच ती बदलावी. कानही कामाला येतो. हूक खाचेत स्वच्छ शिरला तर एकच मऊ आवाज येतो; घासत गेला तर खाचेच्या कडेवर चकाकणारी रेघ उमटते, आणि ती रेघ वर आहे की खाली, यावरून दार किती आणि कोणत्या दिशेला सरकले ते वाचता येते. हूक आणि सरकत्या भागांना वर्षातून दोनदा हलके ग्रीस पुरते. सिलिंडरच्या छिद्रात मात्र तेल घालू नये, त्यावर धूळ चिकटून पिना अडकतात. तिथे ग्रॅफाइटची किंवा तशीच कोरडी पूड वापरावी.

गिअरबॉक्स बदलायची वेळ आलीच, तर बाजारात जाण्याआधी मोजमापे लिहून घ्यावीत, कारण ही कुलपे एकसारखी दिसली तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. हँडलच्या चौकोनी दांड्याच्या मध्यापासून किल्लीच्या मध्यापर्यंतचे अंतर, जे पुष्कळ अरुंद चौकटीच्या दारांत ९२ मिलिमीटर आणि इतर काही प्रकारांत ७२ मिलिमीटर असते. किल्लीच्या मध्यापासून दाराच्या कडेपर्यंतचे अंतर, जे अरुंद पट्टीच्या दारांत ३५ मिलिमीटर आणि रुंद लाकडी दारांत ५५ किंवा ६५ मिलिमीटरपर्यंत असते. कडेच्या पट्टीची रुंदी. आणि मधल्या गिअरबॉक्सपासून प्रत्येक हूक किती उंचीवर आहे ते अंतर. यातला शेवटचा आकडा चुकला तर चौकटीतल्या सगळ्या खाचा नव्याने कोराव्या लागतात. सिलिंडर मोजताना त्याच्या पूर्ण लांबीवर समाधान मानू नये. स्क्रूच्या छिद्राच्या मध्यापासून बाहेरचे टोक आणि आतले टोक अशी दोन वेगळी मापे घ्यावीत. सिलिंडर पाच-पाच मिलिमीटरांच्या टप्प्यांत मिळतात, आणि बाहेर ४० व आत ४५ हवे असताना उलटे बसवलेले सिलिंडर पाच मिलिमीटर बाहेर डोकावत राहते. आमच्या दारात नेमके काहीसे असेच झाले होते.

बहुतेक वेळा सगळी पट्टी बदलण्याची गरज नसते. पुष्कळ कुलपांत मधला गिअरबॉक्स सुटा मिळतो आणि दोन-चार स्क्रू काढून तो बदलता येतो. आमचेही तेच झाले. त्याआधी त्या गृहस्थांनी दार सरळ केले, आणि दार सरळ झाल्याशिवाय नवा गिअरबॉक्स घालणार नाही असे स्पष्ट सांगितले. त्यांच्या या आग्रहाबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

गेल्या आठवड्यात बरेच दिवस कडक ऊन होते, आणि आई म्हणाली की दुपारी हँडल पुन्हा थोडे अडते. मी दार उघडे ठेवून हँडल उचलून पाहिले. हूक हलकेच बाहेर आले. बंद करून पाहिले, तर वरच्या हूकच्या खाचेपाशी बारीक घासण्याचा आवाज येत होता, आणि तिच्या खालच्या कडेवर नखाने जाणवेल एवढी नवी रेघ उमटली होती. वरच्या बिजागरीचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, मग आणखी पाव. आईला बोलावले. तिने एका बोटाने हँडल उचलले, मूठ फिरवली, परत उघडली, पुन्हा एकदा हँडल उचलले आणि म्हणाली, "आता ठीक आहे."